सातवं रीळ

माझी पत्रं माझ्या हातात पडण्याआधी सगळ्या आळीला ऐकू यायची. चिंचवड गावात मी ज्यांच्याकडे भाड्याची खोली घेतली होती, ते आमचे मालक पोस्टमनला दारातच गाठायचे, कार्ड हातभर लांब धरायचे आणि खणखणीत आवाजात वाचायला लागायचे. कार्ड आईचं असेल तर आईच्या आवाजात, वडिलांचं असेल तर खर्जात. मी पिंपरीच्या कारखान्यातून सायकल मारत घरी येईपर्यंत शेजारच्या सुताराला माझ्या बहिणीच्या स्थळाची बातमी कळलेली असे, आणि तो मला थांबवून मुलाचं शिक्षण विचारत असे.

पहिल्याच महिन्यात मी भडकलो. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, एवढं तरी माणसाला कळायला हवं, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की कार्ड हे वाचण्यासाठीच असतं, ज्याला लपवायचं असेल त्यानं पाकीट लावावं. माझ्या आईला पाकीट परवडत नव्हतं, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

खरी गंमत पुढेच होती. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. त्यांनी मला चिकटवलेली शाळेतली नोकरी सोडून मी या नव्या औषधाच्या कारखान्यात कारकून झालो, याचा त्यांना राग होता. त्यांची पत्रं म्हणजे दोन ओळी. पत्र पोचलं, इकडे ठीक, पाऊस नाही. एकदा मी घरात असतानाच त्यांचं कार्ड आलं. मालकांनी खर्जात वाचलं, ‘पत्र पोचलं. इकडे ठीक. पाऊस नाही.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘जेवायला बसलं की तुझी जागा रिकामी दिसते.’

मी कार्ड घेऊन खोलीत गेलो आणि ते वाक्य शोधलं. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं. कुठेही नव्हतं. तणतणत बाहेर आलो तर मालक ओट्यावर दाढी खाजवत बसले होते. म्हणाले, ‘लिहायचं व्हतं राव त्यांना. जागा संपली.’

कार्डाचा निम्मा भाग कोरा होता. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी दिवाळीला घरी जायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि त्या नसलेल्या वाक्यामुळे मी गेलो. वडिलांनी दारात पाहिल्याबरोबर माझी पिशवी हातातून काढून घेतली. 

आमच्या मालकांनाही गाव मास्तर म्हणायचं. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. स्वतः मराठी चौथीपर्यंत शिकलेले, नदीकाठची चार एकर जमीन भावाच्या हवाली करून मोकळे झालेले. मास्तरकी आली ती तंबूतून. तरुणपणी ते एका फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर दहा-बारा वर्षं हिंडले होते. तेव्हाचा सिनेमा मुका. माणसं पडद्यावर तोंडं हलवायची आणि मग काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ती काय म्हणाली ते उमटायचं. चाकण, खेड, मंचर, जत्रा असेल तिथे तंबू लागायचा, आणि तंबूत बसलेल्या शंभरातल्या पाच जणांनाही ती पाटी वाचता यायची नाही. म्हणून पडद्याच्या बाजूला वेताची छडी घेऊन एक माणूस उभा राहायचा आणि पाट्या मोठ्याने वाचायचा. राजाची पाटी राजासारखी, विधवेची विधवेसारखी. तो माणूस म्हणजे आमचे मालक.

बोलपट आले आणि एका हंगामात त्यांचं काम संपलं. वाचायची खोड मात्र राहिली. रस्त्याने जाताना ते दुकानांच्या पाट्या वाचत जायचे, आणि नुसत्या वाचायचे नाहीत. ‘येथे उधार मिळणार नाही’ हे त्यांनी एकदा इतक्या दुःखी आवाजात वाचलं की वाण्याने आपणहून त्यांना बसायला पोतं टाकलं. घरात बोलताना त्यांचं बोलणं साधं गावठी, व्हय-न्हाईचं. वाचायला लागले की मात्र एकदम शुद्ध, छापील मराठी. एकाच माणसाच्या अंगात दोन माणसं राहत होती, आणि दोघांचं चांगलं पटत होतं.

बोलपटांवर त्यांचा राग होता. माणसं फार बोलतात, आणि तेही उगाच, असं त्यांचं म्हणणं. एका उन्हाळ्यात गावच्या उरुसात तंबू आला तेव्हा मी त्यांना हट्टाने घेऊन गेलो. पहिली दहा मिनिटं ते गप्प बसले. मग नायिका रडत काहीतरी म्हणाली, तर हे तिच्यावर आवाज चढवून वेगळंच म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. नायक बोलला, त्याचंही यांनी दुरुस्त केलं. अर्ध्या तासाने तंबूवाल्याने आम्हां दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विशेष म्हणजे चार बायका आमच्यामागून बाहेर आल्या आणि पुढे काय झालं ते मास्तरांना विचारू लागल्या.

आता मालकांच्या एका शोधाबद्दल.

मी राहायला गेलो त्याच आठवड्यात मालकांनी मला विचारलं होतं, कारखान्यात मुंबईचं कुणी आहे का, असेल तर त्याच्याकडे ‘ती’ची चौकशी करा. दर दोन-तीन महिन्यांनी ते पिशवी घेऊन कुठेतरी जायचे, कधी पुण्याला, कधी कोल्हापूरला, एकदा तर थेट सुरतेला. परत आले की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायच्या, ‘घावली का ती?’ हे मान हलवायचे. काकू म्हणायच्या, ‘घावंल.’ आणि भाकऱ्या थापायला बसायच्या. मी तर थक्कच झालो. नवरा एका बाईच्या मागावर गावोगाव फिरतोय आणि बायको त्याला धीर देते आहे, असा संसार मी पाहिला नव्हता.

‘ती’ म्हणजे एक जुना मुका सिनेमा होता. त्याचं नाव ते कधी उच्चारायचे नाहीत. जंगलात जाणारा माणूस वाघाचं नाव घेत नाही, तसं. नाव घेतलं की ती दूर पळते, असं ते मला पूर्ण गंभीरपणे म्हणाले. शोधही सोपा नव्हता. मुक्या सिनेमांना आता कुत्रं विचारत नव्हतं. कुणी ती रिळं जाळून चांदी काढत होतं, कुणी गरम पाण्यात धुऊन चित्रं घालवत होतं आणि नुसत्या पट्ट्या विकत होतं. मालक ज्या ज्या गोदामात पोचायचे तिथे त्यांच्या आधी भंगारवाला पोचलेला असायचा.

एवढं झालं तरी संपूर्ण सिनेमा त्यांना नकोच होता. त्यांना हवं होतं फक्त सातवं रीळ. का, ते त्यांनी मला सांगितलं दुसऱ्या वर्षी, आणि तेही शेंगांमुळे.

दर वर्षी सुगी झाली की चाकणजवळच्या निघोज्याहून एक म्हातारा शेतकरी बैलगाडीतून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन यायचा. ओट्यावर पोतं ठेवायचा, मालकांच्या पायाला हात लावायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. मालक त्यातली एकही शेंग तोंडात टाकत नसत. काकू खायच्या, मी खायचो, आळीतली पोरं खिसे भरून न्यायची. मला वाटलं पथ्य असेल. एकदा सहज विचारलं, तर त्यांनी पोतं पायाने लांब सारलं. मग म्हणाले, ‘खोट्याचं हाय ते. माझ्या घशाखाली न्हाई उतरत.’

आणि मग सगळं सांगितलं. त्यांच्या तंबूवाल्याने तो सिनेमा लंगड्या बैलासारखा स्वस्तात घेतला होता, कारण त्याला शेवटचं रीळच नव्हतं. गोष्ट अशी, की नवरा संशयावरून बायकोला घराबाहेर काढतो. ती वर्षानुवर्षं वणवण करते. शेवटी एका वादळात त्याच घराच्या दारात येते आणि कडीला हात घालते. इथे सहावं रीळ संपायचं. पुढे काय, ते मालकांना ठाऊक नाही, तंबूवाल्याला ठाऊक नाही, कुणालाच नाही. त्यात पाट्या सगळ्या इंग्रजी आणि गुजराती, म्हणजे आधीचंही ते माणसांच्या तोंडाकडे पाहून अंदाजानेच सांगत होते. पण लोकांना शेवट तर हवा. म्हणून कडीवर हात पडला की तंबूवाला यंत्रातली बत्ती विझवायचा आणि मालक अंधारात उभे राहून, पाटी वाचावी तसे नवऱ्याच्या आवाजात म्हणायचे, ‘दार उघडंच होतं. तूच वाजवत उभी राहिलीस.’

हे वाक्य मी त्याआधी ऐकलं होतं. त्या सगळ्या भागात ते म्हणीसारखं वापरलं जायचं. पाहुणा दारात घुटमळला, की आतून कुणीतरी म्हणणारच. ते कुठून आलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

निघोज्याच्या त्या माणसाने ते चाकणच्या जत्रेत ऐकलं. त्याने बायकोला तीन वर्षांपूर्वी घरातून घालवलं होतं. तिची आई आजारी होती म्हणून ती न विचारता माहेरी गेली, आणि हा म्हणाला, आता तिकडेच राहा. सिनेमा पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी जुंपली आणि तिला घेऊन आला. पुढे मुलं झाली, नातवंडं झाली. आणि दर वर्षी शेंगांचं पोतं येऊ लागलं.

मी म्हणालो, यात वाईट काय झालं? मालक चिडले. ‘राव, तो मानूस शिनेमाचं ऐकून गेला. शिनेमात तसं नसंल तर? मी फसवलं की त्याला. त्याचा आख्खा संसार माझ्या थापंवर उभा हाय.’ तीस वर्षं हे त्यांना टोचत होतं. पत्रांत दोन वाक्यं घालताना या माणसाला कधी काही वाटलं नव्हतं, पण सिनेमा म्हणजे त्यांच्या लेखी पोथी होती. पोथीत नसलेलं सांगितलं, हे पाप. एकदा ते रीळ डोळ्यांनी बघायचं आणि मोकळं व्हायचं, इकडे किंवा तिकडे. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. त्यांचा चेहरा पाहून हसवेना.

त्या दिवसापासून मी त्यांचा इंग्रजीचा मास्तर झालो. रीळ सापडलं तर पाटी आपली आपल्याला वाचता आली पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नाही, असा त्यांचा हट्ट. संध्याकाळी मी पाटी-पेन्सिल घेऊन ओट्यावर बसायचो. टेबल, खुर्ची, मांजर असले शब्द शिकायला त्यांनी साफ नकार दिला, कारण ते सिनेमात कुणी पाटीवर लिहीत नाही. त्यांना हवे होते नवरा, बायको, दार, क्षमा, नदी, विष. ‘डोअर’ हा त्यांनी शिकलेला पहिला शब्द. ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही, हे सांगितलं तेव्हा त्यांनी तो दोनदा गिरवला आणि म्हणाले की हा शब्द वाईट आहे, पण शिकून ठेवला पाहिजे. वर्षभरात माणसाचा सगळा संसार मोडता आणि जोडता येईल एवढं इंग्रजी त्यांना येऊ लागलं. चहा मात्र इंग्रजीत मागता आला नसता.

आणि रीळ सापडलं ते पापडांमुळे. सुरत झाली, कोल्हापूर झालं, आणि ‘ती’चा माग लागला पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात, आमच्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांवर. कारखान्यातून येताना मी तिथल्या एका सिंधी बाईकडून पापड घ्यायचो. त्या दिवशी मालक बरोबर होते. बाईने पापड काढायला एक गोल चपटा पत्र्याचा डबा उघडला. झाकणावर कागदाचं पिवळं लेबल होतं. मालकांनी झाकण हातात घेतलं, आणि त्यांनी ते लेबल मोठ्याने वाचलं नाही. मी त्यांना काहीतरी मनात वाचताना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. सिनेमाचं नाव आणि खाली आकडा, सात.

बाईने डबा भंगारवाल्याकडून घेतला होता. भंगारवाला म्हणाला, डबे इकडे विकले, आतला माल चाकणच्या कासाराला दिला. हा कासार बांगड्या विकता विकता लाखेच्या बांगड्या घरी करायचा. जुनी फिल्म धुऊन तिच्या पारदर्शक पट्ट्या तो चमकीवर बसवायचा. आम्ही दुसऱ्याच दिवशी, मी रजा टाकून, चाकण गाठलं. कासाराने डोकं खाजवलं. आणलेली सगळी रिळं त्याने धुतली होती, एक सोडून. ते एक आतून गुळाच्या ढेपेसारखं चिकटलं होतं, सुटतच नव्हतं, म्हणून तो त्याचा दाराला अडणा लावत होता.

मालकांनी दारापाशी बसून ते रीळ मांडीवर घेतलं. बाहेरचे काही वेढे सुटत होते, आतला भाग दगड झाला होता. पहिला वेढा उजेडात धरला तर बारीक बारीक चौकटींत एक हात होता, कडीवर.

कासार भला माणूस. रीळ फुकट देतो म्हणाला, पण बघायला मिळालं पाहिजे. मालकांच्या घरी तंबूचं जुनं हाताने फिरवायचं यंत्र पलंगाखाली जपून ठेवलेलं होतं. ठरलं की पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या वखारीत ते लावायचं. कांदा नेणाऱ्या लॉरीचा पुढचा दिवा आणि बॅटरी उजेडाला. मालकांनी कासाराला बजावलं होतं, कुणाला सांगू नको, आपण तिघंच. आधी स्वतः बघायचं आणि मग काय ते निघोज्याला सांगायचं, असा त्यांचा बेत. पण कासाराला गुपित सांगणं म्हणजे बाजारात दवंडी देणं. आम्ही पोचलो तेव्हा वखारीत चाळीस-पन्नास माणसं पोत्यांवर बसली होती, आणि सगळ्यांत पुढे निघोज्याचे म्हातारा-म्हातारी.

म्हातारीला मी पहिल्यांदाच पाहत होतो. लहानखुरी, नवं लुगडं नेसलेली. तिने तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. मालकांना म्हणाली, ‘मास्तर, त्या बाईनं मला घरी आनलं. तिचं तोंड बघायचं हाय.’

मालकांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, परत जाऊ. यंत्र मोडलं म्हणून सांगू.   मीही घाबरलो होतो. पण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, मास्तर, होऊ द्या, आणि मालकांनी सवयीने छडी उचलली.

दारांना पोती लावून अंधार केला. रीळ फक्त सातवं, म्हणून आधीची सहा त्यांनी तोंडी सांगितली. तासभर तरी सांगत असावेत. कोऱ्या धोतराच्या पडद्याशेजारी उभं राहून त्यांनी संशय घेतला, बायकोला बाहेर काढलं, वादळ आणलं. वखारीत कुणी खोकलं नाही. मी कान देऊन ऐकत होतो आणि मला कळत होतं की बोलपट यांना का आवडत नव्हते. मग त्यांनी मला खूण केली.

मी मूठ फिरवायला लागलो. यंत्र थांबवायचं नाही, फिल्म पेट घेते, असं त्यांनी मला दहा वेळा बजावलं होतं. पडद्यावर पिवळट उजेडात हात आला, कडीवर. बाई आली. म्हातारी पुढे सरकली. दार किलकिलं झालं, नवऱ्याचा चेहरा दिसला. तो रागावलेला होता की घाबरलेला, त्या उजेडात कळत नव्हतं. त्याने तोंड हलवलं, आणि पाटी आली. तीन ओळींची.

मला ती एका नजरेत वाचता आली. या घराचं दार तुझ्यासाठी पुन्हा कधीच उघडणार नाही. त्यात डोअर होतं आणि नेव्हर होतं, दोन्ही शब्द मीच त्यांना शिकवलेले. मी मूठ फिरवत मालकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, एकेक शब्द लावत होते. छडी खाली आली. त्यांना अर्थ लागला, हे मला दिसलं. वाचायला शिकवलं होतं ते मीच.

मग मालकांनी छडी पाटीवर टेकवली आणि सगळ्या वखारीला ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात वाचलं, ‘दार उघडंच होतं. तूच वाजवत उभी राहिलीस.’

त्याच क्षणी सुटलेले वेढे संपले आणि पडदा नुसता पिवळा झाला. पुढचं सगळं त्या ढेपेत राहिलं. पुढे नवऱ्याचं मन वळलंही असेल, कुणी सांगावं. मी दिवा काढला. कुणीतरी पोती बाजूला केली तेव्हा निम्मी वखार डोळे पुसत होती. साठवणीचा कांदा डोळ्यांना लागत नाही हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण त्या दिवशी सगळ्यांनी कांद्यावर ढकललं. म्हातारीने पडद्याच्या धोतराला हात लावून तो कपाळाला लावला.

लोक पांगल्यावर आम्ही यंत्र बांधत होतो. म्हातारा एकटाच परत आला, हातात शेंगांची पिशवी. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम बोलायला लागले, तुझ्याशी एक बोलायचं आहे, त्या वेळी मी जे सांगितलं ते... म्हाताऱ्याने हात वर करून थांबवलं.

‘मास्तर, त्या टायमाला पडद्यावर काय बी न्हवतं. बत्ती इझली व्हती. मी म्होरंच बसलो व्हतो, मला दिसत न्हवतं व्हय?’

मालकांनी हातातली दोरी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, मग गेलास कसा?

‘तीन वर्सं मनात व्हतं, तिला आनावं. आई म्हनंना, भाऊ म्हनंना, भावकीत कुनी म्हनंना. आपून कसं म्हनायचं? तुमी चारचौघांत म्हनलात.’ त्याने पिशवी मालकांच्या हातात दिली. जाताना दारात वळून म्हणाला, ‘आन आजची पाटी लई मोठी व्हती. तुमी वाचलं ते बारकं. असू द्या.’

परतीच्या एस.टी.त मालक खिडकीशी बसले. मांडीवर पिशवी, पायांत यंत्र. मोशी मागे पडली. रस्त्याकडेला पाट्या येत होत्या, जात होत्या, त्यांनी एकही वाचली नाही. मला वाटलं, माणूस आतून मोडला. तीस वर्षं ज्याच्यामागे हिंडला ते हाती लागलं आणि ते असं निघालं. मला त्यांची फार माया आली.

भोसरी जवळ आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘राव, त्या नेव्हरचा अर्थ काय म्हनला व्हता तुमी?’

मी जरा विचार केला. म्हणालो, ‘शब्दाचा अर्थ जागेवर ठरतो. त्या पाटीत त्याचा अर्थ वेगळा होता.’

‘काय व्हता?’

‘दार उघडंच होतं, असा.’

ते माझ्याकडे वळले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

‘तुमचं इंग्रजी लई कच्चं हाय,’ ते म्हणाले, आणि पिशवीत हात घालून त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले.